मिलिटरी ओटा

आमचे हे गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून ठेवा, नातवंडांना होतील, असं म्हणून सुनेनं ही वही आणून दिली. मला लिहायचा कंटाळा नाही. तीस वर्षं अंगणवाडीत काढली, लेकरांच्या वजनापासून खिचडीपर्यंत सगळं लिहीतच आले. पण चांगलंच लिहायचं म्हटलं तर ते एका पानात संपतं, कारण गावानं ते आधीच सांगून टाकलं आहे. अठरा वर्षं फौजेत होते. दोन लढाया पाहिल्या. परत आले आणि पंचाहत्तरी गाठेपर्यंत लोकांची घरं बांधली, अनसिंगपासून रिसोडपर्यंत. चार लेकरं शिकवली, त्यांची लग्नं केली, नातवंडं खांद्यावर फिरवली. शहाऐंशीव्या वर्षी सकाळचा चहा घेतला, कपबशी खिडकीत ठेवली आणि खुर्चीतच गेले. असं मरण पुण्यवंताला येतं, असं जो भेटायला आला तो म्हणाला.

मी नुसती मान हलवली. कारण मला जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मी जळकी बाई आहे. संसार झाला जवळपास साठ वर्षांचा, आणि त्यातली एवढी तेवढी सोडली तर सगळी वर्षं मी जळत होते. ह्यांच्यावर नाही. ह्यांच्यातला वाटा जो जो घेऊन गेला त्याच्यावर.

सुरुवात पत्रांपासून झाली. लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची आणि हे रजेवर आलेले. रजा एका महिन्याची, त्यातली निम्मी पाहुण्यारावळ्यांत गेली. मग लोखंडी ट्रंक बैलगाडीत ठेवली, अनसिंगला गाडी धरली आणि गेले. पुढची भेट दीड वर्षानं. त्या काळी आमच्याकडे फौजी माणूस बायकोच्या नावानं पत्र लिहीत नसे. लिहिलं असतं तर गावभर हसं झालं असतं. पत्र यायचं सासऱ्यांच्या नावानं. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुजींना बोलावणं जायचं. गुरुजी ओसरीवर बसून खणखणीत आवाजात वाचायचे, सासूबाई खांबाला टेकून ऐकायच्या, शेजारचे दोघं-चौघं जमायचे, आणि मी मधल्या दाराआड पिठाच्या हातानं उभी असायचे. मी सातवी पास होते. ते पत्र मी गुरुजींपेक्षा चांगलं वाचलं असतं.

पत्रात सगळ्यांची विचारपूस असायची. बाबांचा खोकला, आईचे गुडघे, विहिरीचं पाणी, तूर कशी आहे. एकदा तर पांढऱ्या बैलाच्या खुराबद्दल चार ओळी होत्या. जखम भरली का, हळद लावता का, त्याला इतक्यात नांगराला जुंपू नका. आणि शेवटी, "घरातील सर्व लहानथोरांस यथायोग्य." त्या यथायोग्यमध्ये मी कुठेतरी होते. त्या दिवशी बैलाला पाणी दाखवायला मी गेलेच नाही. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, आज बैल तहानला ठेवते काय?" मी म्हटलं, डोकं दुखून राह्यलं. एका मुक्या जनावराचा मत्सर करणारी सून त्यांनी आधी पाहिली नसेल, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नाही.

ह्यांची पलटण पूल बांधणारी होती. नदी आडवी आली की हे आधी पाण्यात उतरत, बाकीची फौज मागून कोरड्या पायांनी जाई. हे मला कसं कळलं? ह्यांच्या तेरवीला पुसदकडून एक म्हातारा शिपाई आला होता, त्यानं सांगितलं. कमरेएवढ्या बर्फासारख्या पाण्यात हे आणि तो एका दोराला धरून अख्खी सकाळ उभे होते म्हणे, आणि हे त्याला लावणी म्हणायला लावत होते, झोप लागू नये म्हणून. सांगताना म्हातारा रडला. सगळे रडले. मी पदर डोळ्याला लावला, पण आत वेगळंच चाललं होतं. साठ वर्षांत हे मला बोलले नाहीत ते या माणसाला माहीत होतं, आणि तो ते जेवणाच्या पंगतीत वाटून मोकळा झाला.

ते पेन्शनीत आले तेव्हा मला वाटलं होतं, झालं, आता माणूस माझा. चार लेकरं झाली होती, चारही रजांच्या हिशेबानं. आता रजा संपणार नाही, ट्रंक पुन्हा भरायची नाही. मी ती ट्रंक माळ्यावर टाकली आणि तिच्यात लेकरांचे जुने कपडे भरून ठेवले. दोन महिने ते घरात होते. शेतात जायचे, संध्याकाळी लेकरांना पाढे विचारायचे. मग गावातल्या शाळेची भिंत पावसात बसली आणि हे ती बघायला गेले. गेले ते चाळीसएक वर्षांनी परत आले, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या हातात जादू नव्हती, शिस्त होती. वीट आदल्या दिवशी भिजवलीच पाहिजे. ओळंबा लावल्याशिवाय दुसरा थर नाही. प्लास्टर झालं की घरधन्यानं दिवसातून तीनदा पाणी मारायचं, नाही मारलं तर हे सायकलवर जाऊन स्वतः मारणार आणि वर त्याला ऐकवणार. एका पाटलाची भिंत अर्धं बोट कलली म्हणून त्यांनी ती पाडली होती, आणि पाटील समोर उभा राहून नको नको म्हणत होता. लोक त्यांना फौजी मिस्त्री म्हणायचे. मी फौजीनबाई झाले.

आणखी एक गोष्ट ते करायचे, जी तोवर आमच्या भागात कोणी केली नव्हती. घर बांधायला घेतलं की ते घरातल्या बाईला विचारायचे. खिडकी कुठं पाहिजे? पाण्याचे माठ कुठं ठेवता? धूर कुठून जातो? पुरुष माणसं ओसरीत बसून राहायची आणि मिस्त्री स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बाईशी बोलायचा. बायका हरखून जायच्या. बाजारात, लग्नात, बसमध्ये कोणीतरी बाई मला धरायचीच. "फौजीनबाई, तुमच्या मालकानं मले इचारलं, ताई, उजेड कुठून पायजे? माह्या नवऱ्यानं बी कधी इचारलं नाही वं." मी हसायचे. मलाही कधी कोणी विचारलं नव्हतं. मी धुरात, जमिनीवर बसून, दहा माणसांच्या भाकरी थापत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या चुलीपाशी होता.

त्याच सुमारास गावात पहिला गॅस आला. गुरुजींच्या घरी. पत्र वाचायचे तेच गुरुजी, त्यांची बायको वाशिमची, उंच, गोरी, पट्टीसारखी सरळ. गॅस आला म्हणजे ओटा पाहिजे, उभ्यानं स्वैपाक करायचा. आमच्या गावात कोणी ओटा पाहिलेला नव्हता. आमच्या सासूबाईंनी तर जाहीरच केलं होतं, उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही, आणि त्या जिवंत आहेत तोवर या घरात चूल जमिनीवरच राहील. आईच्या शब्दापुढे हे कधी गेले नाहीत. लढाईला गेले, पण आईपुढे नाही.

एक दिवस भर दुपारी हे घरी आले. हातात एक सागाची पट्टी होती, काठीसारखी, त्यांच्या छातीपर्यंत येणारी, नुकतीच रंधून आणलेली. सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी चुलीशी बसले होते, तव्यावर भाकर.

"उठ वं जरा," ते म्हणाले.

"कायले? भाकर टाकली हाय."

"जळू दे. इथं उभी राह्य, भितीले पाठ लावून. भाकर थापते तसा हात धर."

मी उभी राहिले. हात पुढे केले, हवेत भाकर थापल्यासारखे. मला हसू येत होतं आणि दाराकडे लक्ष होतं. त्यांनी पट्टी माझ्या शेजारी जमिनीवर टेकवली, माझ्या कोपरावर बोटं ठेवली, चार बोटं खाली मोजली आणि खिशातल्या चाकूनं तिथं खाच पाडली. "हालू नोको," म्हणाले. लाकडाचा भुगा माझ्या पायावर पडला. त्यांच्या अंगाला ओल्या सिमेंटचा वास येत होता. चार लेकरांची आई झाले होते, पण दिवसाउजेडी ते माझ्या इतक्या जवळ कधी उभे राहिले नव्हते.

"झालं," म्हणाले आणि पट्टी घेऊन निघून गेले.

भाकर कोळसा झाली होती. सासूबाईंनी वास घेतला आणि विचारलं, लक्ष कुठं होतं? ती भाकर मीच खाल्ली आणि, खोटं कशाला सांगू, ती गोड लागली. मला वाटलं, यांनी सासूबाईंना कसंतरी पटवलंय. माझा ओटा होणार. पोटात राहिलं नाही, शेजारणीला सांगून टाकलं. शेजारणीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. दुसऱ्या दिवशी हौदावर बायका विचारू लागल्या, "काय वं, ओटा होऊन राह्यला म्हणे तुमच्याकडं?"

ओटा झाला. गुरुजींच्या घरी.

बघायला सगळं गाव गेलं, मलाही जावं लागलं, न जाऊन सांगणार कोणाला? काळ्या फरशीचा, गुळगुळीत, कडेला पाणी जायला बारीक उतार. गुरुजींची बायको पुऱ्या लाटत होती. जरा वाकून, मान तिरपी करून लाटत होती. मला वाटलं, नखरा. ती म्हणाली, "पाहा ना, किती मन लावून केला तुमच्या मालकांनी." मी म्हटलं, "त्यायचं कामच तसं हाय." घरी आले आणि पाण्याची घागर इतक्या जोरात ठेवली की तिला पोचा आला. तो अजून आहे.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते. मला माझं माप घेतलेलं माहीत होतं. कसं घेतात ते माहीत होतं. भिंतीशी उभं करतात, कोपराला बोटं लावतात, हलू नको म्हणतात. म्हणजे माझ्यावर ते शिकून घेतलं, हात बसवून घेतला, आणि आता जिच्या जिच्या घरी ओटा, तिला तिला भिंतीशी उभं करणार. पाटलीण, सरपंचाची सून, अनसिंगच्या दुकानदाराची बायको, रिसोडची डॉक्टरीण. एकेकीचा कोपर माझ्या डोळ्यांपुढे यायचा, बांगड्यांसकट. त्या काठीवर किती खाचा पडल्या असतील, याचा विचार मी भाकरी थापताना करायचे. माझी खाच आता कुठे सापडणार, असं वाटायचं. जत्रेत हरवलेलं लेकरू सापडेल एक वेळ.

विचारायचं होतं, पण कसं विचारणार? तुम्ही परक्या बायकांचे कोपर धरता का, असं? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल. ते म्हणाले असते, हो, मग माप कसं घेऊ? आणि ते बरोबरच असतं. म्हणून मी चाळीस वर्षं गप्प बसले. गप्प म्हणजे तोंडानं. भांडी वाजवायचे.

ती काठी त्यानंतर कधी घरी दिसली नाही. त्यांची अवजारांची पिशवी कामावरच असायची, आणि ती सांभाळायची एक बाई. वाळूची टोपली उचलायला आली होती, तरुणपणीच नवरा गेलेला, आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतली. तीस वर्षं ह्यांच्या हाताखाली राहिली. ओळंबा धरायची, लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक धरायची, ह्यांनी हात पुढे केला की न सांगता थापी द्यायची. माझ्यापेक्षा जास्त दिवस ती त्यांच्याजवळ होती. तिच्यावर मी किती जळले ते लिहिलं तर वही पुरायची नाही. ह्यांचा डबा भरताना मी तिच्यासाठीही भाकर बांधायचे, ह्यांनी सांगितलं म्हणून. तिची भाकर जरा जाड थापायचे. एवढाच माझा सूड.

हळूहळू बायका कुरकुर करू लागल्या. फौजी मिस्त्रीच्या घराला तडा जात नाही, गळत नाही, सगळं झकास, पण ओटा मेला खाली होतो. कंबर धरते. आमच्या भागात गॅसच्या शेगडीखाली चार विटा दिसल्या की समजायचं, घर ह्यांनी बांधलंय. कोणी काही म्हटलं की हे सांगायचे, "मिलिटरीचं माप हाय. चुकत नाही." म्हणून त्याला नावच पडलं, मिलिटरी ओटा. मला त्या कुरकुरीचा मनातून आनंद व्हायचा. आणि तिचं कारणही मी शोधून ठेवलं होतं. इतक्या जवळून माप घेतल्यावर नजर जागेवर कुठून राहणार? चुकणारच.

सासूबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि मी अंगणवाडीच्या ट्रेनिंगला आठ दिवस वाशिमला गेले. परत आले तर स्वैपाकघरात चूल नव्हती. तिथं ओटा होता. वर ओली पोती टाकलेली, हे पाणी मारत होते. चांगली खिडकी, उजवीकडून उजेड, माठाला कट्टा. मी दारात उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला रडू आलं, पण रागाचं. दुनियेला विचारलं, दुनियेचं माप घेतलं, आणि माझा ओटा मी घरात नसताना उरकला. माप नाही, विचारणं नाही.

"इचारलं बी नाही तुमी," मी म्हटलं.

"कायले इचारू? अंदाज हाय मले."

अंदाज. गुरुजींच्या बायकोला माप आणि बायकोला अंदाज. मी आठ दिवस बोलले नाही. ओटा मात्र मला असा बसला की पहिल्या दिवसापासून पाठ दुखली नाही, हात आपोआप जागेवर पडायचे. मी ते कबूल केलं नाही. अंधारात मारलेला तीर लागतो कधी कधी, असं म्हणाले. ते पेपर वाचत होते. पेपरामागे हसले की नाही, मला दिसलं नाही.

पुढे थोरल्याचं लग्न झालं. सून कारंज्याकडची, उंच. तिनंही आल्या आल्या गॅसखाली विटा घातल्या. मी रोज त्या काढायचे, ती रोज घालायची. असं किती वर्षं चाललं कोण जाणे.

ते गेले तेव्हा घर भरून गेलं. जुने फौजी आले, झेंडा आला, जिथं जिथं त्यांनी भिंत उभी केली तिथले लोक आले. प्रत्येकाजवळ त्यांची एक गोष्ट होती आणि प्रत्येक गोष्ट मला नवीन होती. रिसोडच्या एकाच्या मुलीच्या लग्नात मांडव वाऱ्यानं उडाला, हे रात्रभर खांब धरून बसले होते म्हणे. मला त्यांनी सांगितलं होतं, पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून राहिलो. सगळ्यांनी आपापला वाटा काढून दाखवला. माझ्या हाती काय होतं? खिडकीतली कपबशी. मला एवढंच कळायला हवं होतं, की या इतक्या मोठ्या माणसात एखादी जागा अशी आहे का, जिथं मी आहे आणि दुसरं कोणी नाही. ते कळल्याशिवाय त्यांना जाऊ देणं मला जमत नव्हतं. पण ते तर निघून गेले होते.

तेरवीच्या जेवणानंतर बायका आतल्या खोलीत बसल्या. रडून झालं, चहा झाला. अनसिंगची एक उंच बाई म्हणाली, "काकू, राग मानू नोका, पण काकानं आमची कंबर मोडली." सगळ्या एकदम हसल्या, डोळे पुसत पुसत. मग एकेक सुरू झाली. कोणी पाय फाकून उभी राहते, कोणी स्टूल घेऊन बसते. गुरुजींची बायको आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. ती म्हणाली, "माझ्या शेगडीखाली अजून विटा आहेत."

माझ्या तोंडातून निघून गेलं. आता कोणाची लाज, ते तर गेले. मी म्हटलं, "पण माप तर तुमचंच घेतलं व्हतं ना त्यायनं? भितीशी उभं करून?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"माप?" गुरुजींची बायको म्हणाली. "नाही बाई. परक्या बाईला भिंतीशी उभं करतील का ते? खिडकीचं विचारलं, तेही उंबऱ्याबाहेर उभं राहून. मान खाली घालून."

"माह्यं बी नाही घेतलं," अनसिंगची म्हणाली. तिसरीनं मान हलवली, चौथीनं हलवली. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या डोक्यातल्या त्या सगळ्या बांगड्या, ते कोपर, कोणाचे होते मग?

दाराशी ती वस्तीतली बाई बसली होती. म्हातारी झाली आता, खोलीत सगळ्यांबरोबर बसायला अजून कचरते. ती म्हणाली, "माप काठीवर व्हतं." आणि शेजारी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी पुढे सरकवलं. काम बंद केल्यावर ह्यांनी अवजारं तिच्याकडेच ठेवली होती. ओळंबा आणि लेव्हलची नळी माझ्या लेकाला द्यायला आणली होती तिनं, आणि ही काठी.

"पयल्यापासून हीच," ती म्हणाली. "साऱ्या घराले. म्या म्हणो, साहेब, ही बाई उच्ची हाय, तिले खाली होते. तर म्हणत, राहू दे. या मापाच्या हातची भाकर म्या खाल्ली हाय, चांगली होते."

मी काठी हातात घेतली. साग काळा पडला होता, सिमेंटचे डाग, हात लागून लागून कडा गोल झालेल्या. मी ती चारही बाजूंनी फिरवून पाहिली, चष्मा लावून पाहिली. काठीवर एकच खाच होती.

मला आधी रागच आला. अरे, चाळीस वर्षं मी जळले ते कशावर? एक शब्द बोलला असतात तर काय फौज हरली असती? बायकोला पत्र लिहायचं नाही ही सवय माणसानं इतकी लावून घ्यायची? मग असंही वाटलं, की आळसही असेल. फौजी माणूस, एक माप घेतलं, झालं, सगळ्यांना एकच गणवेश. माझ्यावर जीव होता म्हणून की दुसरं माप घ्यायचा कंटाळा म्हणून, ते आता सांगायला कोणी नाही. पण अनसिंगपासून रिसोडपर्यंत इतक्या बायका इतकी वर्षं माझ्या उंचीला वाकून स्वैपाक करत आहेत, हे खरं आहे. आणि त्या पट्टीसारख्या सरळ गुरुजींच्या बायकोनं पहिल्या दिवशी मान तिरपी केली होती, ती नखऱ्यानं नव्हे. मी तिला आणखी एक कप चहा दिला, साखर जास्त घालून.

पाहुणे गेल्यावर चार दिवसांनी थोरल्यानं विषय काढला. स्वैपाकघर नव्यानं करायचं, ग्रॅनाईट टाकायचं, ओटा वर घ्यायचा. सून इतकी वर्षं वाकली, तिचं बरोबरच आहे. मी नाही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, पाडायच्या आधी एकदा बघू द्या. आणि काठी घेऊन ओट्याशी गेले, त्या दिवसासारखी भिंतीला पाठ लावली, भाकर थापतात तसे हात धरले.

"धर वं काठी," मी सुनेला म्हटलं. "खाच कोपराच्या चार बोटं खाली येते का पाह्य."

तिनं काठी माझ्या शेजारी टेकवली, वाकून पाहिलं. मग मान वर केली. "आई, खाच तर कोपराला लागते. चार बोटं खाली यायला पाहिजे ना? हे माप तुमचं नाही वाटते."

"माझंच हाय," मी म्हटलं.

इमारत खचते तशी मी चार बोटं खचले होते. ते माप माझं होतं, पण मी त्या मापाची राहिले नव्हते. ते ज्या बाईच्या हातची भाकर म्हणायचे ती तिशीतली होती, पाठ ताठ, पायावर लाकडाचा भुगा पडलेला, तव्यावर भाकर जळत असलेली. त्यांनी तिला आयुष्यभर पिशवीत घालून घरोघर फिरवलं. मी उरलेल्या सगळ्यांवर जळून झाले होते, आता तिच्यावर जळू लागले. आणि तिच्यावर जळताना पहिल्यांदा मला धड रडू आलं. सून घाबरली, पाणी आणायला धावली.

संध्याकाळी थोरला म्हणाला, बरं झालं बाबांची काठी सापडली, हिचंही माप हिच्यावरच घेऊन टाकतो. सुनेला त्यानं भिंतीशी उभं केलं. तिनं हसत हात पुढे केले, तिच्या बांगड्या मागे सरकल्या. त्यानं काठी टेकवली, तिच्या कोपराखाली बोटं मोजली आणि खिशातून चाकू काढला. मी होते खुर्चीवर. कशी उठले माहीत नाही, पण काठी माझ्या हातात होती.

"दुसरी आन," मी म्हटलं. "याच्यावर जागा नाही."